आठ ओळींचा तास

केलेपी उठला तेव्हा वर्गाला कविता वाचून दाखवणारी लुसेआने तिसऱ्या ओळीवर होती. त्याने परवानगी मागितली नाही, बाकाचा आवाजही केला नाही. कमरेत वाकून, एक हात जमिनीकडे सोडून, थोरामोठ्यांच्या समोरून जाताना म्हणायचा तो माफीचा शब्द पुटपुटत तो दोन रांगांमधून दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला. झालं ते एवढंच. एखाद्या उद्धट पोराने वही आपटली असती तर तिने त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. पण इतक्या नम्रपणे कुणी तोंडावर थुंकलं तर काय करायचं, हे तिला ऑकलंडच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. वर्गातली सगळी डोकी एकदम खाली गेली. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या वेलिंग्टनच्या जोसलिनबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि काळजीने विचारलं, "बरं नाहीये का त्याला?" लुसेआने हसून म्हणाली, "पोट बिघडलंय." कुणी हसलं नाही. टोंगाच्या राजधानीतली, नुकुअलोफातली सहाव्या फॉर्मची, सोळा-सतरा वर्षांची पोरं पोटाच्या विनोदाला हसत नाहीत म्हणजे काहीतरी भलतंच झालेलं असतं, पण हे जोसलिनबाईंना कळायचं कारण नव्हतं. लुसेआनेने उरलेल्या ओळी वाचल्या. आपलाच आवाज तिला शेजारच्या वर्गातून आल्यासारखा वाटत होता, आणि उघड्या दारातून बाहेरच्या अंगणात कुणीतरी झाडू मारत असल्याचं ऐकू येत होतं. तो तोच होता. बाहेर जाऊन त्याने झाडू घेतला होता. तास संपेपर्यंत प्रत्येक ओळीच्या शेवटी तो खराटा फिरत राहिला, आणि तिला वाटलं की आपल्या कवितेला हा पोरगा केरात काढतोय.

कविता तिचीच होती. कागदावर खाली नाव नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. चार वर्षांपूर्वी ती ऑकलंडहून परत आली तेव्हा या शाळेत साहित्याचा तास म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. तीनशे पानांची कादंबरी, वर्गाला मिळून सहा प्रती, त्यातल्या दोन झुरळांनी वाचलेल्या. पोरं पान उघडायची, पहिल्या परिच्छेदात थंडी आणि बर्फ आणि शेकोटी भेटली की मान टाकायची. लुसेआनेने कादंबऱ्या कपाटात घातल्या आणि छोट्या कविता आणल्या. एका कागदावर चार मावतात, कात्रीने कापले की चार पोरांना पुरतात. पानभराच्या गोष्टी आणल्या, घंटेच्या आत संपणाऱ्या. आणि एक पद्धत बसवली, जिचा तिला जिवापाड अभिमान होता. कविता वाचायच्या आधी एक अक्षर बोलायचं नाही. कवी कोण, विषय काय, आज काय शिकणार, काही नाही. कागद उलटे वाटायचे, सरळ करायला सांगायचं आणि थेट पहिली ओळ. पोरांना छत्री उघडायला वेळच द्यायचा नाही. भिजली पाहिजेत. आणि ती भिजायची. मागच्या बाकावरचा रग्बीवाला ढोल्या एकदा मासळीबाजारातल्या म्हातारीची बारा ओळींची कविता ऐकून रडला होता, आणि आपण रडलो म्हणून रागावून दोन दिवस शाळेत आला नव्हता. ही बातमी शिक्षणखात्यात गेली, खात्यातून वेलिंग्टनला गेली, आणि आता जोसलिनबाई आल्या होत्या. त्यांना पसंत पडलं तर सगळ्या बेटांवरच्या शिक्षकांना ही पद्धत शिकवायची, आणि ती शिकवायची लुसेआनेने. वेगळं ऑफिस, गाडी, बोटीची तिकिटं. शुक्रवारी त्या पुन्हा एक तास बघणार होत्या. आजचा, बुधवारचा, त्या गोड आवाजात म्हणाल्या, थोडा थंड वाटला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फिनेहिका पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ही या शाळेतली सगळ्यात जुनी बाई. मानाने कमरेला गुंडाळायची तिची चटईसुद्धा शाळेइतकीच जुनी आणि तितकीच उसवलेली. "ये," ती म्हणाली, "खा. पोट तुझं बिघडलंय असं ऐकलं." "त्या पोराचं," लुसेआने म्हणाली. "पोराचं कशाला बिघडेल? पोरगा चांगल्या घरचा आहे. पिसिला कोण त्याची?" लुसेआनेला ठाऊक नव्हतं. पिसिला पहिल्या बाकावरची, टपोऱ्या अक्षराची, कायम वेणीत फूल घालून येणारी पोरगी. केलेपी याच सत्रात हापाई बेटांवरून आलेला, आडनाव वेगळं, बसायला भिंतीकडे. "बहीण," फिनेहिका म्हणाली. "आया सख्ख्या बहिणी. त्याची आई ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेली, म्हणून हा मावशीकडे. आणि तू बहिणीच्या देखत त्याला बाईच्या मानेवरचं पाणी ऐकवत होतीस." आमच्याकडे मावसबहीण असा शब्दच नाही, बहीण ती बहीण. वयात आल्यावर भाऊ तिच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिच्यासमोर प्रेमाचं, अंगाचं, लग्नाचं बोलणं निघालं तर उठून जातो, आणि जो उठत नाही त्याला लोक भाऊ म्हणत नाहीत. "मी पस्तीस वर्षं हेच शिकवतेय," फिनेहिका गोळा तोंडात टाकत म्हणाली, "आणि पस्तीस वर्षं आधी विचारतेय, भाऊबहीण कुणी आहेत का. एकजण उठतो, झाडू घेतो, अंगण झाडतो. त्याला ती कविता मी नंतर वेगळी शिकवते. शाळेचं अंगण एवढं स्वच्छ का वाटतं तुला?" लुसेआने म्हणाली, "आधी विचारलं की कविता मेली. काय येणार ते पोरांना आधीच कळतं." "कविता मेली तर दुसरी आण," फिनेहिका म्हणाली. "तुझ्याकडे एका कागदात चार असतात म्हणे. चौदा वर्षं तिकडे काढलीस म्हणून विसरलीस होय गं? तुझा भाऊ तर किती अदबीचा होता." लुसेआनेने गोळा घेतला नाही.

तिचा भाऊ सिमोटे अदबीचा होता. अख्खा गाव तसं म्हणायचा, चर्चमध्ये उदाहरण म्हणून त्याचं नाव घ्यायचे. लुसेआनेला लहानपणापासून त्याची पाठ जास्त ओळखीची होती. ती आत आली की तो बाहेर. तेराव्या वर्षी तो परसातल्या पोरांच्या झोपडीत राहायला गेला तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्या अंगाला वास येत असणार. आठवडाभर ती दिवसातून दोनदा न्हात होती आणि टाकीतलं पाणी संपवलं म्हणून आईचा मार खात होती. ऑकलंडला काकाच्या घरी दोघं एकत्र राहिली. टीव्हीवर कुणी कुणाच्या जवळ सरकलं की तो उठायचा, बाहेर गाडीत जाऊन बसायचा. जुलैत तिकडे हिवाळा, काचांवर दव साचलेलं, आणि आत त्याचं डोकं. चार वर्षं त्याने तिला रोज सकाळी गाडीने विद्यापीठात सोडलं. रेडिओवर भजनं. तिला वाटायचं, एकदा तरी म्हणावं त्याने, काय शिकतेस, कशाला शिकतेस, थंडी वाजते का. तो आरशात मागची गाडी बघायचा. मग त्याच्या आतड्यात गाठ निघाली. हॉस्पिटलात तिला खोलीत यायची बंदी होती, बंदी त्यानेच घातली होती, कारण त्याचं दुखणं जिथे होतं तिथलं बोलणं बहिणीच्या कानावर पडू नये. ती बाहेर, बिस्किटांच्या मशीनशेजारच्या खुर्चीवर बसायची. आतून हसण्याचे आवाज यायचे. तो गेला त्या दुपारी नर्स बाहेर आली, तिचे डोळे सुजलेले, आणि तिने लुसेआनेचे दोन्ही हात धरले. "काय बोलका होता हो तुमचा भाऊ," ती म्हणाली. "इतक्या गोष्टी सांगायचा. नकला करायचा. आम्ही ड्यूटी संपली तरी थांबायचो." लुसेआने म्हणाली, "हो ना." तिने आयुष्यात त्याची एक नक्कल पाहिली नव्हती. दुःख झालं म्हणायला हवं, आणि झालंही. पण त्याच्या खाली, दुःखाहून कठीण, राग होता. जे परक्या नर्सला मिळालं ते आपल्याला मिळालं नाही, आणि वर लोकांनी त्याला आदर म्हणायचं. आदर म्हणजे काय, जिवंत माणसाने खोली सोडून जायचं. ती कविता लिहायला लागली ती त्यानंतर. वर्गात पोरांची डोकी कागदावरून वर येतात, तिच्याकडे बघतात, कुणी उठून जात नाही, हे तिला हवं होतं. चार वर्षं तसं झालंही. आणि बुधवारी पुन्हा तीच वाकलेली पाठ.

गुरुवारी शाळा सुटल्यावर केलेपी आला. स्वच्छ शर्ट, कमरेला चटई घट्ट बांधलेली, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. दारातच खाली बसला, आणि पुडी पुढे सरकवली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि खारवलेलं मांस. अजून गरम होतं. "मावशीने दिलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काल मी वर्गातून गेलो. बाई, माफ करा." "का गेलास?" तिने विचारलं. त्याने मान वर केली. बाईंना माहीत नाही हे त्याला खरं वाटत नव्हतं. "पिसिला आहे ना वर्गात," तो म्हणाला. "मग?" असल्या गोष्टी शब्दांत सांगाव्या लागतील असं त्याला कधी वाटलं नसणार. "बाई, मला उद्या अंगण झाडू द्या," तो शेवटी म्हणाला. "कविता मला नंतर द्या, मी पाठ करतो. शंभर वेळा लिहितो. पण तिच्यासमोर नको. मी बसून राहिलो आणि तिनेही ऐकलं, तर आम्हाला एका घरात राहता येणार नाही. मी जेवायला आलो की तिला उठावं लागेल. घर तिचं आहे, बाई. मी आपला पाहुणा." "उठून जाणं सोपं असतं, नाही का रे?" लुसेआने म्हणाली. हे वाक्य आपण त्याच्याशी बोलत नाही आहोत हे तिला बोलतानाच कळलं, आणि कळल्यावर थांबावंसं वाटलं नाही. "सोपं?" त्याने विचारलं, अगदी साधेपणाने, शिकायचं असल्यासारखं. ती म्हणाली, "बघू उद्या." त्याचा चेहरा उजळला, कारण आमच्याकडे मोठी माणसं बघू म्हणाली की ते हो असतं. तो वाकून, माफीचा शब्द म्हणत मागच्या पावली गेला. तिने पान उघडलं आणि उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली. मावशीचा हात चांगला होता. तिने पान चाटूनपुसून खाल्लं, बोटं धुतली, आणि त्याच कवितेच्या कागदाच्या चार चिठ्ठ्या करायला कात्री काढली.

दुसरी कविता निवडता आली असती. समुद्राची होती, खेकड्याची होती, आजीच्या दातांची होती, जिच्यावर पोरं हमखास हसायची. जोसलिनबाईंना तीही आवडली असती. तिने सगळ्या वाचून बघितल्या आणि सगळ्या बाजूला ठेवल्या, आणि स्वतःला सांगितलं की या सगळ्यांत धारदार तीच आहे. ते खरंही होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही पोरं एकदा त्या भीतीच्या पलीकडे गेली की त्यांना कळेल साहित्य म्हणजे काय, हेही तिने स्वतःला सांगितलं. माणसाला स्वतःशी बोलताना शब्दांची कधी टंचाई पडत नाही. शुक्रवारी सकाळी ती लवकर गेली, आणि जोसलिनबाईंची खुर्ची मागच्या भिंतीपासून उचलून दारात आणून ठेवली. वर्गाला दार एकच. "इथे वारा येतो," ती त्यांना म्हणाली. जोसलिनबाईंना बरं वाटलं, त्यांना फार उकडायचं. त्या ऐसपैस बसल्या, वही मांडीवर, पाय उंबऱ्यापर्यंत. आता बाहेर जायचं तर पाहुण्या बाईंच्या पायांवरून जावं लागलं असतं, आणि ते कुठल्याही टोंगन पोराच्या हातून झालं नसतं. त्यापेक्षा त्याने खिडकीच्या पट्ट्या तोडल्या असत्या. कडी नाही, कुलूप नाही. तिने एका रीतीला दुसऱ्या रीतीचं कुलूप घातलं, आणि आपल्या हुशारीने तिला क्षणभर गुदगुल्या झाल्या.

केलेपी खराटा घेऊनच आला होता. तो त्याने दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता, बाईंनी खूण केली की उठायचं म्हणून. वर्गात आल्यावर त्याने खुर्ची पाहिली. त्याने लुसेआनेकडे पाहिलं, मग पुन्हा खुर्चीकडे, आणि हळूच भिंतीकडच्या आपल्या जागेवर जाऊन बसला. कागद वाटले, सगळे उलटे. तो हात वर करून म्हणाला, "बाई, मी—" "नंतर," ती म्हणाली. मग ती स्वतः वाचणार होती; खरोखर तसंच ठरवलं होतं. पण पहिल्या बाकावर पिसिला बसली होती, आज तिच्या वेणीत फूल नव्हतं, आणि तिच्या तोंडावर तो समजूतदार शांतपणा होता जो बहिणींना शिकवतात, भाऊ बाहेर जाईपर्यंत कुठे बघायचं ते आधीच माहीत असलेला. लुसेआनेच्या अंगात काहीतरी कडू वर चढलं. "पिसिला," ती म्हणाली, "तू वाच." "मी?" पिसिला म्हणाली. तिने कागद सरळ केला, पाहिला, ओळखला. ती बाईंकडे बघत राहिली. बाईंची चूक झाली असेल आणि आता त्या ती सुधारतील, अशी वाट बघत. मागच्या बाकांवरून कुणीतरी खोकलं. रग्बीवाल्या ढोल्याने कपाळ बाकाला टेकवलं. "पाहुण्या बाई थांबल्यात," लुसेआने म्हणाली. पिसिला उभी राहिली.

"टाकीच्या तोटीखाली ती केस धुते," तिने वाचलं,
"आणि मी कुंपणाबाहेर उभा राहून
पाण्याचा आवाज ऐकतो."

"मोठ्याने," लुसेआने म्हणाली. "भिंतीपर्यंत जाऊ दे."

"आत ये असं ती म्हणणार नाही,
जा असंही म्हणणार नाही.
टाकी रिकामी होईपर्यंत
तिच्या मानेवरून उतरलेलं पाणी
माझ्या अंगावर वाहत राहतं."

शेवटची ओळ तिने इतकी स्पष्ट वाचली की शेजारच्या वर्गातली बडबड थांबली. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं, आणि केलेपीकडेही नाही. सगळा वर्ग आपापल्या बाकाचं लाकूड वाचत होता. अशी शांतता लुसेआनेने कधी मिळवली नव्हती. जोसलिनबाई पुढे वाकून बसल्या होत्या. इथे थांबता आलं असतं. "केलेपी," लुसेआने म्हणाली, "हा माणूस बाहेर का उभा आहे?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसत असताना माणूस जसा उभा राहतो तसा तो उभा राहिला. मग तो बोलायला लागला, भिंतीकडे तोंड करून, सावकाश. "घर त्याचं नाही म्हणून," तो म्हणाला. "त्याला माहीत आहे की आपण आत गेलो तर ते आधीसारखं घर राहणार नाही. बाहेर उभं राहणं एवढंच त्याला तिला देता येतं. आणि तो चोर आहे. ऐकतोय ना. ऐकायला नको होतं. ते पाणी आता त्याच्या अंगावरून जाणार नाही, टाकी संपली तरी." त्याचा आवाज हलला नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर रडतोय हे मान्य केल्यासारखं झालं असतं. ही कविता तिने लिहिली होती, आणि तिच्यात हे एवढं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती तिथे आनंद झाला, खराखुरा, लेखकाला होतो तसा.

घंटा झाल्यावर जोसलिनबाईंनी तिला मिठी मारली. त्यांचे डोळे ओले होते. असा तास आपण कुठे पाहिला नाही, त्या म्हणाल्या. त्या मुलाचं नाव काय, आणि ती मुलगी, किती धीट वाचते. सोमवारी कागद खात्यात जातील, बाकी सगळं ठरल्यासारखंच. खुर्ची हलल्याबरोबर वर्ग बाहेर पडला, एकेक, न बोलता, आणि केलेपी सगळ्यांच्या शेवटी, फाटकाकडे नाही तर मागच्या बाजूला, जिकडे नुसती नारळाची झाडं आणि दलदल आहे. पिसिला मात्र थांबली. तिने सगळ्या बाकांवरचे कागद गोळा केले, नीट एकावर एक ठेवले आणि बाईंच्या टेबलावर आणून दिले.

"बाई, तो आज घरी जाणार नाही," ती म्हणाली. "रात्री आई ताट वाढून ठेवेल, पण मी आत असेपर्यंत तो येणार नाही. उद्याही नाही."

"दोन दिवसांत विसरतील सगळे," लुसेआने म्हणाली. "तू इतकं छान वाचलंस. पाहुण्या बाईंनी तुझं नाव विचारलं."

"त्याला दुसरं घर नाही," पिसिला म्हणाली. "मला आहे. एउआ बेटावर आत्या असते माझी. उद्या सकाळी बोट आहे, मी तिकडे जाते. मी तिथे नाही असं कळलं की तो जेवायला येईल."

"आणि परीक्षा? वेडी आहेस का? दीड महिन्यावर आलीय. तिथे सहाव्या फॉर्मचा वर्ग तरी आहे का?"

"नाहीये," पिसिला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आत्याची दृष्टी गेलीय, तिला कुणीतरी हवंच होतं. आई कधीपासून म्हणत होती पाठव म्हणून, मीच म्हणायचे, बाईंचा तास सोडून मी जाणार नाही."

तिने दप्तर खांद्याला लावलं, कमरेच्या पट्ट्याची झालर सारखी केली आणि बाईंचा निरोप घेतला, जसा घ्यायचा असतो तसा, दोनदा आभार मानून.